हौदातली माती

जानेवारी लागला की आमच्या कोल्हापूरच्या हवेत गुळाचा वास उतरतो. वारं गडमुडशिंगीकडून असलं तर जरा जास्तच. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागं लोळणारं उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाडं, आणि दिवस मावळल्यावर गाडीच्या सीटवर हात ठेवावा तर हात ओला. दव. ह्या दिवसांत कुणाला हुरडा आठवतो, कुणाला गरम काकवी. मला चेंडू ऐकू येतो. बास्केटबॉलचा. सिमेंटवर वाजतो तसा टणटणीत नव्हे, मातीवरचा, बसक्या आवाजाचा. धप्. जरा थांबून पुन्हा, धप्. मग आणखी हळू.

आम्ही माझ्या माहेरच्याच घरात राहतो, आईच्या सोबतीला. घरामागच्या मैदानात आता चेंडू नाही, रिंगा नाहीत. लोखंडी खांब तेवढे उरलेत आणि त्यांना बांधलेल्या दोरीवर गल्लीची धुणी वाळतात. तरी ऐकू येतो. नवऱ्याला सांगितलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "कान दाखव कुणाला तरी." दाखवले. कानांना काही झालेलं नाही.

गेल्या आठवड्यात इम्रान आला. इम्रान म्हणजे आमच्या संघाचा सगळ्यात चपळ गडी. आता गाड्यांच्या सीटा शिवतो. बोटांना कायम रेक्झिनचा वास आणि डोक्यात पांढरं. म्हणाला, "ताई, तालमीची स्मरणिका काढाय लागलोय. तुमी दोन पानं लिव्हायची. आपल्या बास्केटबॉलच्या स्पर्धेचा इतिहास."

"मी? मी शाळेत इंग्रजी शिकवते बाबा, इतिहास नव्हे."

"वस्तादांची लेक तुमी. दुसरं कोण लिवणार? मी लिव्हू? माझं अक्षर बघिटलंय न्हवं?"

चहा संपला तरी तो उठेना. बशीत कप इकडून तिकडं सरकवत बसला. मग खाली बघत म्हणाला, "आन एक ऱ्हायलं ताई. त्यात तेवढं घाला की. मी ढकललं न्हवतं त्यला."

बारा वर्षं झाली असतील त्या गोष्टीला. अजूनही बाजारात कुणी ना कुणी त्याला ऐकवतंच, "काय रं, पावण्याचा पाय मोडलास आन स्पर्धाबी मोडलीस." गमतीनं म्हणतात. आमच्या गावात गंमत मोठ्यानं करतात, ऐकणाऱ्याला किती लागली ते बघायला कुणी थांबत नाही. मी म्हटलं, "घालते." तो गेला आणि मी दार लावून तिथंच खाली बसले. तो पाहुणा कशानं पडला हे पक्कं ठाऊक असलेलं माणूस आता एकच उरलंय, आणि इतकी वर्षं ते तोंड मिटून आहे. ते माणूस म्हणजे मी.

तर इतिहास. माझे वडील, आण्णा, तालमीचे वस्ताद होते. गाव त्यांना नावानं हाक मारायचंच नाही. तालमीच्या मागं मोकळी जागा होती, तिथं पोरांनी कुठूनशी एक रिंग आणून चिंचेच्या झाडाला ठोकली. आण्णांनी आधी शिव्या घातल्या. "काय उड्या मारतायसा रं बेडकावानी? हौदात उतरा, कुस्ती धरा." मग एक दिवस स्वतःच चेंडू हातात घेतला आणि टाकला. आत गेला. दुसरा गेला नाही, तिसरा गेला नाही, पण पहिला गेला होता ना, माणूस अडकला. म्हणायचे, "कुस्तीत दुसऱ्याला खाली न्यायचं, ह्यात आपुन वर जायाचं. दोनीबी आलं पायजे." चिंचेची रिंग जाऊन लोखंडी खांब आले. मुरूम पडला, त्यावर रूळ फिरला, चुन्याच्या रेघा आल्या. आणि कधी कुणास ठाऊक, आण्णांच्या डोक्यात शिरलं की कुस्त्यांना जर बाहेरदेशचे गडी येतात, तर ह्या खेळाला आपल्या गल्लीत का येऊ नयेत. एवढ्या साध्या हट्टातून ती स्पर्धा उभी राहिली.

पहिल्या वर्षीची आमची 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे नेपाळचा एक संघ, आणि त्यातली निम्मी पोरं पुण्यात शिकणारी. दुसऱ्या वर्षी मस्कतहून क्लब आला, तर त्यातले बहुतेक मल्याळी निघाले. गल्ली हसली, पण रुसली नाही. आलेल्या पाहुण्याला गाव विचारून कमी-जास्त वाढायची आमच्याकडं पद्धत नाही. तिसऱ्या वर्षी ढाक्याचा क्लब आला, कोलंबोचा आला, आणि आण्णांची मान ताठ झाली. पत्रं मी लिहायची. कॉलेजात इंग्रजी घेतलेलं घरात दुसरं होतं कोण? आण्णा सांगायचे, "लिही, समद्यास्नी घिऊन या, जेवायला कमी पडायचं न्हाय," आणि मी त्याचं 'वुई शॉल बी ऑनर्ड' करायची. पाहुण्यांबरोबर दुभाषी म्हणून हिंडायची. पत्रिकेत माझं नाव छापून आलं होतं, नावापुढं 'दुभाषी'. केवढी मिरवले होते मी त्यावर. आज तोच शब्द मला वाचवत नाही.

बंगळूरकडून येणारी पाहुण्यांची बस कागलला अडवायची, हा रिवाज. हलगी, गुलाल आणि फेटे. सव्वासहा-साडेसहा फुटी माणसांना फेटा बांधायला आण्णा स्टुलावर चढायचे. फेटा बांधलेला गडी बसच्या दारातून आत शिरला की फेटा बाहेर रस्त्यावर. पुन्हा स्टूल, पुन्हा फेटा. शेवटी पाहुणे शहाणे झाले, फेटा हातात धरून बसमध्ये शिरायला लागले. हॉटेल वगैरे भानगड नव्हती. पाहुणे गल्लीत वाटून घ्यायचे, आणि त्यावरून भांडणं व्हायची, "गेल्या साली तुमच्यात दोन हुते, औंदा आमाला द्या." आमच्या वाट्याला कोलंबोचा निमल आला, आणि पुढं दर वर्षी तोच येत राहिला.

निमल पहिल्याच दिवशी आमच्या दाराच्या चौकटीला कपाळ आपटून घरात आला. आई ओरडली, "आगं बया, पावण्याचं टक्कुरं फुटलं!" आणि त्याच दुपारी तिनं जुन्या वाकळेचा एक तुकडा वरच्या चौकटीला बांधला. तो तुकडा अजून तिथं आहे. आमच्यात आता एवढं उंच कुणी नाही, पण तो सोडायचा विषयही कुणी काढत नाही. त्यांच्या भाषेतही मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून तो आईला अक्का म्हणायला लागला. आई हुरळली. पांढरा रस्सा तो वाट्यांवर वाट्या प्यायचा, खोबऱ्याच्या दुधाची चव त्याच्या घरची होती. मी वाढायला गेले तर आई मला बाजूला सारायची, "सर तिकडं, मी वाढतो त्यला." आमच्याकडं बायाही 'वाढतो' आणि 'येतो'च म्हणतात.

मराठीतला त्याला एकच शब्द आला, व्हय. आण्णा येताजाता तोच म्हणायचे, त्यांच्याकडून त्यानं उचलला. "जेवलासा?" व्हय. "झोप लागली?" व्हय. "आमच्या संघाला हरवणार काय रं तू?" व्हय! गल्ली पोट धरून हसायची. न्हाय हा शब्द त्याला कुणी शिकवलाच नाही.

खेळताना मात्र त्याचे हाल व्हायचे. मुरमाच्या मैदानावर दहा जण पळायला लागले की लाल धुरळा उठायचा. निमलला तो सोसायचा नाही. सामना संपला की कट्ट्यावर बसून खोकत राहायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. पडला तर गुडघा सोलून निघायचा, मग आई त्यात हळद भरायची आणि तो दात दाबून हसायचा. आण्णा लांबून बघायचे. एकदा मला म्हणाले, "पाव्हणं आपल्या घरात खोकतंय, बरं न्हाय दिसत."

आता ते सांगते जे स्मरणिकेत लिहायचंय.

त्या वर्षी अंतिम सामना आमचा आणि कोलंबोचा. अंतिम दिवशी पाहुण्यांना सकाळी अंबाबाईचं दर्शन आणि मग पन्हाळ्यावर जेवण, असं ठरलेलं असायचं. संघ गेला, गल्ली त्यांच्या मागं गेली. मैदान रिकामं. आण्णांनी हाक मारली, "पोरी, ताक किती हाय गं घरात?"

तालमीतल्या हौदाची माती ज्यानं बघितली नाही, त्याला सांगते. ती तांबडी माती चाळून घेतात, त्यात ताक, तेल, हळद, लिंबं, कापूर घालतात आणि महिनोन्‌महिने पायानं मळतात. पडणाऱ्याला लागू नये, लागलं तर चिघळू नये. धूळ उडण्याचा प्रश्नच नाही. हौदात उतरण्याआधी पैलवान ती कपाळाला लावतो. तिथं चप्पल घालून कुणी फिरकत नाही. ती माती आण्णा त्या दुपारी घमेल्यानं उपसत होते. मी बघतच राहिले. "आण्णा, हौदातली?"

"व्हय. पावण्यांच्या पायाखाली आपली चांगली माती पायजे. मुरूम काय, गोठ्यातबी असतोय."

मी चार तांबे ताक आणलं. तेलाचा डबा आणला. आण्णांनी मैदानभर त्या मातीचा पातळ थर दिला, वर ताक आणि तेल शिंपडलं, आम्ही दोघांनी मिळून रूळ फिरवला. मैदान असं दिसायला लागलं की त्यावर पाय ठेवू नये. मी विचारलं होतं, हे मात्र खरं. "आण्णा, घसरंल काय कोण?" ते हसले. "माझं समदं आयुष्य ह्या मातीत गेलं. कोण घसारलं?" पैलवान अनवाणी असतो आणि निमलच्या पायात रबरी तळव्याचे बूट असतात, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर कॉलेजात शिकलेली. माझ्या तरी यायला नको होतं?

पन्हाळ्याहून परतलेल्या कुणाला काही वेगळं वाटलंही नाही. हळद-ताकाचा तो वास तालमीच्या आसपास बारा महिने असायचा. पाचला सामना सुरू झाला. धुरळ्याचा कण नाही. निमल खोकत नव्हता. पळता पळता त्यानं आण्णांकडं बघून अंगठा वर केला आणि माझे तीस किलोची गदा फिरवणारे वडील चक्क लाजले. मध्यंतरापर्यंत सगळं छान. मग दिवस मावळला, मैदानाचे दिवे लागले. दव उतरायला लागलं. दिव्यांखाली माती चमकायला लागली. मी ते पाहिलं, आणि मला वाटलं, काय देखणं दिसतंय आपलं मैदान.

निमल चेंडू घेऊन रिंगकडं धावला. समोर इम्रान, दोन्ही हात वर करून. निमलनं उडीसाठी डावा पाय रोवला. पाय थांबलाच नाही, पुढं गेला, आणि गुडघा मागं राहिला. ऊस मोडल्यावर येतो तसा आवाज आला. तेवढा मोठा जमाव एकदम गप्प झाला, आणि त्या शांततेत त्याच्या हातातून सुटलेला चेंडू एकटाच उडत राहिला. धप्. धप्. मग हळू. मग आणखी हळू. मला जानेवारीत ऐकू येतो तो हाच.

मग कुणीतरी बोंबललं, "ढकलला! इम्रान्यानं ढकलला!" आणि सगळ्यांना ते पटलं. इम्रानचे हात तेव्हाही वरच होते. हात वर केलेला माणूस ढकलणार कसा, हे कुणी विचारलं नाही. आण्णा मैदानात आले, वाकले, चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली, आणि मान वर करून थेट माझ्याकडं बघितलं. आम्हाला दोघांनाही कळलं. ते काही बोलले नाहीत. मीही नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बघते तर सगळं मैदान खरवडलेलं. ती माती हौदात परत गेली नव्हती. कुठं टाकली ते आण्णांनी कधी सांगितलं नाही.

संघ गेला, निमल राहिला. कंबरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, प्रवासाला डॉक्टरांची मनाई. सहा आठवडे तो आमच्या पुढच्या खोलीत कॉटवर होता. त्या दिवसांतच तिकडं त्याच्या देशाच्या संघाची निवड होती. त्याचं नाव पक्कं आहे असं त्याचे सोबती सांगून गेले होते. तो दिवस त्यानं आमची कौलं मोजत काढला. कुणाला दोष दिला नाही. इम्रान रडत भेटायला आला तर त्यालाच समजावलं, माझ्याकडून भाषांतर करून घेतलं, "तू नाही, माझे बूट. तळवे झिजले होते. नवे घ्यायचे होते, आळस केला." गल्लीनं ते ऐकलं आणि म्हटलं, बघा पावण्याचं मन किती मोठं, इम्रान्याला वाचवाय बघतोय.

आणि दुपारी आण्णा यायचे. तालमीतून येऊन पाय धुवायचे, कॉटच्या पायथ्याशी जमिनीवर बसायचे आणि मला म्हणायचे, "तू जा भायेर." दुभाष्याला बाहेर घालवून ते त्याच्याशी बोलायचे. मी स्वयंपाकघरात जायची, पण दाराला पडदाच तेवढा होता.

"पावणं, ती माती मी घातलीया. तुमास्नी खोकला येतोय म्हनून घातली. पोरीनं इचारलं, घसरंल काय, मी हासलो. माझं चुकलं बगा. त्या इम्रानचं काय न्हाय त्यात. माझं चुकलं."

"व्हय," निमल म्हणायचा.

रोज. शब्द थोडे इकडंतिकडं व्हायचे, पण गोष्ट तीच. रोज आण्णा सांगायचे आणि रोज निमल व्हय म्हणायचा. ज्याला कळत नाही त्यालाच सांगायचं, एवढीच त्यांची ताकद उरली होती. त्यांनी आयुष्यात मोठमोठे पैलवान अंगावर घेतले, पण गल्लीसमोर हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. मी त्यांना भित्रं म्हणू? मी पडद्यामागं भांडी घासत होते. घासलेलीच पुन्हा घासत होते.

एक दिवस निमलनं मला विचारलं, "तुझे वडील रोज मला काय सांगतात?"

मी दुभाषी. माझं नाव पत्रिकेत छापलेलं. मी म्हटलं, "कुस्तीच्या गोष्टी."

"कुठल्या?"

"जुन्या. ते हरले त्या."

"म्हणून रडतात?"

"म्हातारं माणूस आहे," मी म्हटलं आणि पाणी आणायला उठले. मला भीती वाटली होती. उद्या हा आईनं वाढलेलं ताट सरकवेल, अक्का म्हणायचं सोडेल, आण्णा पायथ्याशी येऊन बसले तर तोंड भिंतीकडं करेल. आमच्या घरात पाहुण्यानं ताट सरकवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. एवढ्यासाठी मी एका माणसाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत जाऊ दिलं नाही. त्या वर्षी इंग्रजीत मला पहिला वर्ग मिळाला.

निमल कुबड्यांवर गेला. कागलपर्यंत सगळे सोडायला गेलो, ह्या खेपेला हलगी नव्हती. पुढच्या दिवाळीत पोरं आण्णांकडं आली, "वस्ताद, सभा कधी घ्यायची?" आण्णा म्हणाले, "औंदा नगं." त्याच्या पुढच्या वर्षीही औंदा नगं. बाहेरच्या क्लबांना तोवर लाकडी जमिनीची सवय झाली होती, ढाक्याहून एक पत्र आलं होतं तेही मी उत्तर न देता ठेवून दिलं. रिंगा गंजून पडल्या. आणि इम्रानच्या नावावर एक पाय होता, तिथं एक अख्खी स्पर्धाही चढली. तो खेळायचा थांबला. पण तालमीत येत राहिला, आण्णांच्या पाया पडत राहिला. तो पाया पडला की आण्णा पाय मागं घ्यायचे. त्याला वाटायचं, वस्ताद अजून रागावलेत.

कोलंबोहून मात्र दर जानेवारीला चहाचा डबा येत राहिला, आत अक्कासाठी कार्ड. गुडघा वाकत नाही पूर्ण, पण एका शाळेत पोरांना खेळ शिकवतो, लग्न झालं, मुलगी झाली. मी उत्तरं लिहायची. आईची तब्येत, पाऊस, ऊस. पानभर लिहायची आणि त्यात काही नसायचं.

आण्णा गेले त्याच्या दोन दिवस आधी शुद्धीवर होते. मला जवळ बोलावलं. "पोरी, त्यला सांगितलंस काय तू? तुझ्या इंग्लिशमदी?"

त्यांना ठाऊक होतं तर, मी पडद्यामागं ऐकायची ते. मी म्हटलं, "सांगितलं आण्णा."

"काय म्हणला?"

"व्हय म्हणाला."

आण्णा हसले. किती दिवसांनी हसले. मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि मागच्या दारी जाऊन रडले. मरणाऱ्या माणसाला मी खोटं सांगितलं होतं, आणि ते ऐकून तो सुखानं गेला. हे चांगलं केलं की वाईट, मला आजही सांगता येणार नाही.

तर परवा लिहायला बसले. पहिल्या कागदावर लिहिलं, 'दव पडल्यामुळे खेळाडूचा पाय घसरला, कोणाचाही दोष नव्हता.' वाचलं, फाडलं. दव बिचारं दर वर्षी पडतं. दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'अंतिम सामन्याआधी मैदानावर हौदातली माती वस्तादांनी घातली. ताक आणि तेल मी आणून दिलं. इम्रानने ढकललं नव्हतं, त्याचे दोन्ही हात वर होते.' एवढंच. ते इम्रानला दिलं.

त्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "वस्तादांचं नाव काढा ताई. माझं काय, मी पचीवलंय आता."

"नाही काढणार. तुझे हात वर होते. मी बघितलंय."

त्यानं तोंड फिरवलं. आणि एकदम माझ्या अंगावर आला, "मग तवाच का न्हाय बोलला? माझं लगीन मोडलं हुतं त्या सालात, ठावं हाय? 'पोरगं आडदांड हाय' म्हणून. तवा का न्हाय बोलला?"

मला ठाऊक नव्हतं. "चुकलं माझं," मी म्हटलं. आण्णांचेच शब्द.

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "निमलला इचारा आदी. पाय त्याचा गेलाय. त्यो म्हणला छापा, तर छापू. न्हायतर मी अजून धा वर्सं ढकलणारा ऱ्हातो, काय बिघडत न्हाय."

फोन घेऊन मी नुसतीच बसले होते. नंबर कार्डावर होता. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. तिला आता दिसतं कमी, पण ऐकू सगळं येतं. "लाव की गं फोन. चार तांबं ताक एका दुपारी कुठं गेलं, मला कळंना व्हय?"

म्हणजे आईलाही. इतकी वर्षं आम्ही तिघं एका घरात जेवलो आणि तिघांनी तीच गोष्ट वेगवेगळी गिळली.

लावला. निमलचा आवाज जाड झालाय. मागं कुणीतरी लहान मूल हसत होतं. अक्का बरी आहे ना, त्यानं घाबरून विचारलं. बरी आहे म्हटलं. मग म्हटलं, "तुम्ही एकदा मला विचारलं होतं, माझे वडील दुपारी काय सांगायचे. मी चुकीचं सांगितलं." आणि मी भाषांतर केलं. एक एक वाक्य, ते जसं बोलायचे तसं. पावणं, ती माती मी घातली. तुम्हाला खोकला यायचा म्हणून. मुलीनं विचारलं, मी हसलो. माझं चुकलं.

मागचं लहान मूल गप्प झालं होतं, का त्यानं दार लावलं होतं कोण जाणे.

"म्हणजे बूट नव्हते?" त्यानं विचारलं.

"बुटांचं काही नव्हतं."

"मी दर सामन्याआधी माझ्या पोरांना पाय वर करायला लावतो. एकेकाचे तळवे बघतो. पोरं हसतात मला." तो थांबला. "मी विचारलं होतं तुला."

"हो."

"तू म्हणालीस, कुस्ती."

"हो."

मला वाटलं, आता ठेवतोय फोन. मग त्यानं विचारलं, "ती माती, ते सगळे कपाळाला लावायचे ती?"

"तीच."

"ती आमच्यासाठी काढली?"

नुसतं हुं केलं. मग सगळं बळ गोळा करून इम्रानचं सांगितलं, स्मरणिकेचं सांगितलं, आण्णांचं नाव येणार हे सांगितलं. छापू का, विचारलं. त्याचा श्वास ऐकू येत होता. माझं इंग्रजी तिथं संपलं, आणि कसं कोण जाणे, आण्णा बोलायचे तसं माझ्या तोंडून निघालं, "पावणं, माझं चुकलं. छापू काय?"

"व्हय," निमल म्हणाला. कशाला व्हय म्हणतोय, ते ह्या वेळी त्याला ठाऊक होतं.